ऊस वाहणाऱ्या ट्रॉलीच्या चाकांतील बेअरिंगची निगा

महाराष्ट्रातील साखर कारखान्यांचा गळीत हंगाम साधारणतः दिवाळीच्या सुमारास सुरू होतो व मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. या काळात ऊसपट्ट्यातील कोणत्याही रस्त्याने गेल्यास एक दृश्य हमखास दिसते. मोळ्यांनी शिगोशीग भरलेली ट्रॉली एका अंगावर कललेली, चाक निखळून बाजूस पडलेले, आणि ट्रॅक्टरचालक जॅक व दगडधोंडे गोळा करीत असलेला. काय झाले असे विचारल्यास "बेअरिंग गेले" एवढेच उत्तर मिळते. बेअरिंग जणू आपल्या मर्जीने, ऐन वेळी निघून जाते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः ते त्या रात्री जात नाही. पुष्कळदा ते त्यापूर्वीच्या पावसाळ्यात, ट्रॉली गोठ्यामागे उभी असताना, निकामी झालेले असते. रस्त्यावर त्याचा केवळ शेवट होतो.

या एका घटनेने होणारे नुकसान बेअरिंगच्या किमतीपुरते राहात नाही. चाक निखळताना हब फुटतो, एक्सलच्या टोकावरील आटे जातात आणि टायरही कापला जातो. खेप चुकल्याने तोडणी टोळीचा दिवस वाया जातो. तोडलेला ऊस वाळू लागला की त्याचे वजन व साखरेचा उतारा, दोन्ही घटतात. आणि सर्वांत गंभीर गोष्ट म्हणजे, रात्री रस्त्यात उभ्या राहिलेल्या, मागे दिवा वा परावर्तक पट्टी नसलेल्या ट्रॉलीवर मागून येणारी मोटारसायकल आदळते. अशा अपघातांत माणसे दगावतात. म्हणून बेअरिंगची निगा हा केवळ काटकसरीचा विषय मानता येणार नाही.

बेअरिंगचे काम

ट्रॉलीच्या प्रत्येक चाकाच्या हबमध्ये दोन बेअरिंग असतात. आतील बाजूचे, म्हणजे ट्रॉलीच्या अंगाकडील, बहुधा मोठे व बाहेरील, टोपणाकडचे, लहान असते. ही बेअरिंग निमुळत्या रोलरची असतात. एक्सलवर बसणाऱ्या आतल्या कडीस कोन व हबमध्ये ठोकून बसविलेल्या बाहेरच्या कडीस कप म्हणतात. या दोहोंमध्ये पिंजऱ्यात अडकविलेले रोलर फिरतात. रोलर निमुळते ठेवण्यात एक हेतू आहे. गाडी वळताना किंवा एका अंगावर कलताना चाकावर केवळ वरून नव्हे, तर बाजूनेही रेटा येतो. सरळ रोलर हा रेटा नीट पेलू शकत नाहीत, निमुळते पेलतात. या बेअरिंगचे पेटंट १८९८ साली अमेरिकेत हेन्री टिमकेन व रेजिनाल्ड हाइन्झेलमान यांना मिळाले. यांपैकी टिमकेन हे घोडागाड्या बनविणारे कारखानदार होते. म्हणजे मोटारीत सर्वत्र आढळणारे हे बेअरिंग मुळात जनावरांनी ओढावयाच्या गाडीसाठी जन्मास आले, ही गोष्ट शेतकऱ्यास जवळची वाटावी.

ट्रॉलीचे चाक सावकाश फिरते. ९.००-१६ मापाचा टायर एका किलोमीटरमध्ये सुमारे ३५० फेरे घेतो. ताशी २० किलोमीटर वेगाने मिनिटास हे सव्वाशेच्याही आतच फेरे झाले. परंतु शेत ते कारखाना व परत असे रोज ५० किलोमीटर अंतर धरले आणि हंगामाचे १२० दिवस धरले, तर ६,००० किलोमीटर होतात, आणि प्रत्येक चाकाचे सुमारे २१ लाख फेरे भरतात. यांतील निम्मे फेरे पूर्ण भारासह होतात.

भाराविषयी एक नियम प्रत्येक वाहतूकदाराने ध्यानात ठेवावा. रोलर बेअरिंगवरील भार वाढला असता त्याचे आयुष्य त्याच प्रमाणात घटत नाही, तर कितीतरी अधिक वेगाने घटते. भार सव्वापट केल्यास आयुष्य निम्म्याहून कमी होते, दीडपट केल्यास जवळजवळ चौथाईवर येते आणि दुप्पट केल्यास दहावा हिस्सा उरतो. एक टन अधिक ऊस भरल्याने एक टनाचे जादा भाडे मिळते हे खरे, तथापि त्याची किंमत बेअरिंग, टायर व एक्सल गुपचूप चुकवीत असतात. हा हिशेबही स्वच्छ व पुरेशा वंगणातील बेअरिंगचा आहे. वंगणात पाणी व माती मिसळलेली असल्यास वरील आकडे फार उदार ठरतात.

पाणी हा मुख्य वैरी

मोटारीच्या चाकात ब्रेकची उष्णता हबपर्यंत पोहोचते. पुष्कळशा ट्रॉल्यांना ब्रेकच नसतात व वेगही कमी असतो, त्यामुळे धडधाकट बेअरिंग उष्णतेने बिघडण्याचा संभव थोडा. ट्रॉलीचे बेअरिंग खराब होते ते पाणी व माती यांमुळे, आणि पाणी हबमध्ये शिरण्याचे मार्ग शेतकऱ्याच्या नित्याच्या कामांतच असतात.

भरलेली ट्रॉली दहा-पंधरा किलोमीटर चालून आली की हब कोमट होतो व त्यातील हवा प्रसरण पावते. अशा स्थितीत ट्रॉली ओढ्याच्या पाण्यातून नेल्यास हब एकदम थंड होतो, आतील हवा आकसते आणि ऑईल सीलच्या कडेने पाणी आत ओढले जाते. सील झिजलेले असेल तर अधिकच. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने ट्रॉली धुताना फवारा थेट सीलवर धरला तरी हाच परिणाम होतो. पाणी भरलेल्या फडातून व चिखलाच्या पाणंदीतून जाताना चाके तुंब्यापर्यंत रुततात, तेव्हा पाण्याबरोबर बारीक मातीही शिरते. ही माती म्हणजे कानशीच होय.

आत शिरलेले पाणी सहजासहजी बाहेर पडत नाही. हंगाम संपल्यावर ट्रॉली जून ते सप्टेंबर एकाच जागी उभी राहते. पाणी तळाशी साचते व खालच्या बाजूचे रोलर जेथे कपास टेकलेले असतात, नेमक्या तेथे गंज धरतो. असे बेअरिंग उघडून पाहिल्यास कपाच्या आतील पृष्ठभागावर रोलरच्या अंतराने आडव्या काळ्या-तांबड्या रेघा उमटलेल्या दिसतात. कार्तिकात ट्रॉली पुन्हा भाराखाली आली की या रेघांच्या जागी पोलादाचे बारीक पापुद्रे सुटू लागतात, ते पापुद्रे रोलरखाली चिरडतात, आणि तेथून पुढचा प्रवास जलद असतो.

यावर वाहतूकदार जो उपाय करतात तो बहुधा एकच. हंगामाच्या आदल्या दिवशी ग्रीसगन घेऊन हबच्या निप्पलमधून वा टोपण काढून वरून नवे ग्रीस भरले जाते. ही समजूत टाकून दिली पाहिजे. असे भरलेले ग्रीस बाहेरच्या बेअरिंगला थोडेफार पोहोचते. आतील बेअरिंग, ज्यावर भार अधिक व पाण्याचा हल्लाही प्रथम, ते कोरडेच राहू शकते. गंज व माती होती तेथेच राहतात, त्यांवर नव्या ग्रीसचा लेप मात्र बसतो. शिवाय ग्रीसगनचा दाब मोठा असल्याने जादा ग्रीस आतील सीलला जागेवरून ढकलते आणि पाण्याला दार उघडे होते. हबच्या मागील बाजूस व रिमवर ग्रीसचे ओघळ दिसले तर "भरपूर ग्रीस आहे" असे न समजता सील गेले असे समजावे.

तेव्हा करावयाचे काम एकच. वर्षातून एकदा, पावसाळा सरताना व हंगामापूर्वी, प्रत्येक हब उघडून, बेअरिंग धुऊन, डोळ्यांनी पाहून, हाताने ग्रीस भरून पुन्हा बसविणे. दोन जाणत्या माणसांना चारचाकी ट्रॉलीसाठी एक दिवस पुरतो.

हब उघडताना

या सुमारास ट्रॉलीचे पत्रे, साटा व हूक यांची वेल्डिंगची कामेही निघतात. ती बेअरिंगच्या कामाआधी उरकून घ्यावीत, आणि वेल्डिंग करताना अर्थिंगचा चिमटा ज्या भागास जोड द्यावयाचा त्याच भागास, जोडाच्या जवळ लावावा. चिमटा चाकाच्या रिमला लावला व जोड साट्यावर दिला तर वीजप्रवाह बेअरिंगमधून जातो. रोलर व कप यांच्यामध्ये ठिणग्या पडून पोलादावर सूक्ष्म खळगे उमटतात. बेअरिंग का गेले हे पुढे कोणासच उमगत नाही.

ट्रॉली रिकामी करून टणक व सपाट जमिनीवर उभी करावी. ती ट्रॅक्टरला जोडलेलीच असू द्यावी व ट्रॅक्टरचा हॅन्डब्रेक लावावा. इतर चाकांना पुढून-मागून लाकडी ओंडक्यांची उटी द्यावी. चाकाचे नट जमिनीवरच थोडे सैल करून मग एक्सलखाली जॅक लावावा. चाक उचलल्यावर एक्सलखाली जाड लाकडी ठोकळ्यांचा आधार द्यावा व मगच हात घालावा. नुसत्या जॅकवर विसंबू नये. विटा, सिमेंटचे ठोकळे व दगड भाराखाली अचानक फुटतात, ते आधारास वापरू नयेत.

चाक उचलताच, काहीही खोलण्यापूर्वी, दोन परीक्षा कराव्यात. चाक वरच्या व खालच्या कडेस धरून आतबाहेर हलवावे. हाताला जाणवेल न जाणवेल इतकीच हालचाल योग्य. खटखट आवाज येत असेल तर बेअरिंग झिजले आहे किंवा नट सैल आहे. नंतर चाक फिरवून एक हात साट्याच्या सांगाड्यावर ठेवावा. निरोगी बेअरिंग फिरताना हातास काही कळत नाही, बिघडलेल्याची घरघर बोटांना कानाआधी समजते.

पुढे टोपण, स्प्लिट पिन, खाचांचा नट व वॉशर काढून बाहेरचे बेअरिंग हातात घ्यावे. ते मातीत पडू देऊ नये. मग हब सरळ ओढून काढावा व मागील सील उपसून आतील बेअरिंग काढावे. काढलेले सील पुन्हा बसविण्याचा मोह टाळावा. उपसताना ते वाकतेच, आणि त्याची किंमत किरकोळ आहे. प्रत्येक चाकाचे भाग वेगळ्या थाळीत ठेवून त्यावर चाकाची खूण करावी. जो कोन ज्या कपावर झिजला तो त्याच कपावर परत गेला पाहिजे. चारही चाकांचे भाग एका घमेल्यात टाकून धुण्याची पद्धत म्हणूनच घातक आहे.

धुण्यापूर्वी जुने ग्रीस बोटावर घेऊन पाहावे, ते बरेच काही सांगते. ताकासारखे पांढुरके झाले असल्यास पाणी शिरले आहे. काळे पडून करपट वास येत असल्यास बेअरिंग तापले आहे. उन्हात धरल्यावर चांदीच्या कणांसारखी चमक दिसली तर पोलाद झिजून त्यात उतरले आहे, आणि अशा वेळी बेअरिंग बदलण्याची तयारी ठेवूनच पुढे जावे.

धुण्यासाठी डिझेल पुरेसे आहे. पेट्रोल वापरू नये, त्याची वाफ लगेच पेट घेते. डिझेलनेही काम करताना जवळ विडी-सिगारेट नको. एका डब्यात खळखळून धुवावे, दुसऱ्या डब्यातील स्वच्छ डिझेलमध्ये पुन्हा बुडवावे आणि धागे न सुटणाऱ्या सुती फडक्याने पुसून सावलीत वाळवावे. टायरच्या दुकानातील हवेच्या नळीने वाळविताना बेअरिंग भिंगरीसारखे फिरवून पाहण्याची गंमत काही तरुण करतात. कोरडे बेअरिंग अशा वेगाने फिरले तर रोलर पिंजऱ्यातून सुटून गोळीसारखे उडू शकतात. हा खेळ करू देऊ नये.

स्वच्छ झालेले बेअरिंग भर उजेडात पाहावे. रोलर व कप आरशासारखे असले पाहिजेत. कपाच्या आतून नख फिरवावे. नख कोठेही अडकल्यास, देवीच्या व्रणांसारखे खळगे दिसल्यास, गंजाच्या रेघा पुसून जात नसल्यास, पोलाद निळसर झाले असल्यास किंवा पिंजरा वाकला असल्यास ते बेअरिंग पुन्हा वापरू नये. "हा हंगाम निघेल" असा विचार येथे महागात पडतो. आणि बदलावयाचे तर कप व कोन दोन्ही बदलावेत. जुन्या कपावर नवा कोन बसविणे म्हणजे खडबडीत जात्यावर नवी तळी ठेवणे होय. त्याच वेळी एक्सलवर सील जेथे फिरते ती जागाही नखाने तपासावी. तेथे खाच पडली असल्यास नवे सीलही पाणी अडवू शकणार नाही. तसेच कप हबमध्ये बोटाने फिरत असेल तर हबच झिजला आहे. तेथे पत्र्याची पट्टी ठोकून तो घट्ट करू नये, हब बदलावा.

बेअरिंग विकत घेताना त्यावर कोरलेला आकडा उतरून न्यावा. या जातीच्या मेट्रिक मापाच्या बेअरिंगवर ३०२०८, ३२२१० असे पाच अंकी आकडे असतात. शेवटच्या दोन अंकांना पाचाने गुणले असता एक्सल ज्या छिद्रातून जाते त्याचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो. ०८ म्हणजे ४० मिलिमीटर आणि १० म्हणजे ५० मिलिमीटर. दुकानात चुकीचे माप माथी मारले जाऊ नये म्हणून ही साधी खूण उपयोगी आहे. नामांकित कंपनीच्या वेष्टनात बनावट मालही विकला जातो, यास्तव माहितीच्या दुकानातून पावती घेऊनच खरेदी करावी व बसविण्याच्या क्षणापर्यंत तेलकागद सोडू नये.

कोणते ग्रीस

ग्रीस म्हणजे साबणात धरून ठेवलेले तेल. साबण कोणता यावर ग्रीसचे गुण ठरतात. चुन्याच्या साबणाचे ग्रीस पाण्याला दाद देत नाही, पण थोड्या उष्णतेनेच पातळ होते. सोड्याच्या साबणाचे ग्रीस उष्णता सोसते, पण पाण्यात विरघळते. लिथियमच्या साबणाचे ग्रीस दोन्ही बाबतींत चांगले, आणि तेच चाकाच्या बेअरिंगसाठी निवडावे. डब्यावर लिथियम व घट्टपणाचा क्रमांक २ किंवा ३ लिहिलेला पाहावा. जड भारासाठीचे, ज्यावर 'ईपी' ही अक्षरे असतात, असे ग्रीस ट्रॉलीस अधिक योग्य. ग्रीसचा रंग ही परीक्षा नव्हे. लाल, निळा, पिवळा हा रंग बहुधा मुद्दाम घातलेला असतो. पाट्यांच्या स्प्रिंगसाठी वापरले जाणारे काळे ग्रॅफाइट ग्रीस रोलर बेअरिंगमध्ये घालू नये. इंजिनचे जळके तेल तर मुळीच नको.

दोन जातींची ग्रीसे एकत्र केल्यास पुष्कळदा मिश्रण दोहोंहून पातळ होऊन वाहून जाते. हब स्वच्छ धुतला असेल तर हा प्रश्न उद्भवत नाही. पुढे मात्र त्याच जातीचे ग्रीस वापरावे व डब्याचे झाकण नेहमी घट्ट लावावे. झाकणाविना गोठ्यात ठेवलेल्या डब्यातील ग्रीसमध्ये धूळ व भुसा बसतो, आणि मग सारी धुलाई व्यर्थ जाते.

भरण्याची व बसविण्याची रीत

कप बदलला असल्यास तो पितळी पंचाने चहूबाजूंनी आळीपाळीने ठोकत सरळ आत न्यावा. एकाच बाजूने ठोकल्यास तो तिरका बसतो. कप तळाला टेकला की हातोड्याचा आवाज बदलतो. आधीचा पोकळ आवाज जाऊन घट्ट, खणखणीत आवाज येतो. तो आवाज सर्व बाजूंनी सारखा येईपर्यंत थांबू नये.

ग्रीस भरण्यापूर्वी हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. डाव्या तळहातावर लिंबाएवढा गोळा घ्यावा. बेअरिंग उजव्या हातात धरून त्याची रुंद कड गोळ्यावर दाबावी व तळहातावर ओढून घ्यावी. ग्रीस रोलरच्या फटींतून शिरून अरुंद बाजूने वर येऊ लागेपर्यंत असे करीत राहावे. मग बेअरिंग थोडे फिरवून पुढचा भाग घ्यावा. पूर्ण वळसा झाल्यावर रोलरवरून बोट फिरवून बाहेरूनही पातळ थर द्यावा. बाहेरून माखलेले व आतून रिकामे बेअरिंग दिसावयास सारखेच दिसते. म्हणून ग्रीस अरुंद बाजूने वर आलेले डोळ्यांनी पाहावे.

हबच्या पोकळीत एक तृतीयांश ते निम्मी जागा भरेल इतकेच ग्रीस घालावे. ठासून भरल्यास फिरताना ते तापते, फुगते आणि सील ढकलते. कपांच्या आतून एक थर द्यावा. एक्सलवरही बोटाने हलका हात फिरवावा, त्याने गंज धरत नाही. आतील बेअरिंग बसवून नवे सील ठोकावे. सीलची स्प्रिंग असलेली बाजू हबच्या आत यावी व तिच्या ओठावर ग्रीस लावलेले असावे. मग हब सरळ धरून एक्सलवर चढवावा. तो तिरका गेला तर सीलचा ओठ आट्यांवर फाटतो. त्यानंतर बाहेरचे बेअरिंग, वॉशर व नट.

नट आवळणे हा या कामातील सर्वांत नाजूक भाग असून नेमका तोच भाग जोराचा समजला जातो. नट हा येथे घट्ट बसविण्यासाठी नसून अंतर राखण्यासाठी असतो. फार आवळल्यास रोलर कपात रुतून तापतात. सैल ठेवल्यास भार एका बाजूच्या मोजक्या रोलरवर येतो व चाक डुलते. एका हाताने चाक फिरवीत दुसऱ्या हाताने पाना आवळावा, चाक जड होईपर्यंत. याने रोलर आपापल्या जागी बसतात. मग नट पूर्ण सैल करावा आणि पाना बाजूस ठेवून केवळ बोटांनी, लागेल तितकाच आवळावा. खाच व एक्सलचे भोक जुळत नसल्यास नट पुढे न आवळता मागे सोडून जुळवावा. चाक आता मोकळे फिरले पाहिजे, आणि वर-खाली धरून हलविल्यास कागदाच्या जाडीएवढी चाल जाणवली पाहिजे.

स्प्लिट पिन दरवेळी नवीच वापरावी व तिचे दोन्ही पाय वाकवावेत. तिच्या जागी खिळा अथवा तारेचा तुकडा घातलेला अनेक ट्रॉल्यांत आढळतो. खिळा तुटला की नट फिरत फिरत निघतो, आणि पाठोपाठ भरल्या ट्रॉलीचे चाक.

हंगाम चालू असताना

पहिल्या भरल्या खेपेत दहा किलोमीटरवर थांबून चारही हबना हात लावावा. कोमट लागणे स्वाभाविक आहे. हात ठेववत नसेल तर नट जास्त आवळला गेला आहे, तो तेथेच सैल करून घ्यावा. पुढे संपूर्ण हंगामभर ही तपासणी करावयास एक आयती वेळ मिळते. कारखान्याच्या आवारात काट्यापुढे ट्रॉल्यांची रांग लागते व चालकास तासन्‌तास थांबावे लागते. त्या वेळी ट्रॉलीभोवती एक फेरी मारून प्रत्येक हबला तळहाताची मागील बाजू लावावी. दोन मिनिटांचे काम आहे. किती तापले यापेक्षा कोणते इतरांहून अधिक तापले हे पाहावे. तेच चाक आजारी. अशी ट्रॉली रिकामी झाल्यावर परतीच्या वाटेवर गॅरेजात न्यावी, पुन्हा भरू नये. हंगामाच्या मध्यावर, साधारण दोन महिन्यांनी, चाके उचलून हालचालीची परीक्षा पुन्हा घ्यावी. ओढ्यातून किंवा चिखलातून नित्य वाहतूक होत असेल तर त्याच वेळी हब उघडून नवे ग्रीस भरणे इष्ट. तापलेली ट्रॉली पाण्यात घालण्याचा प्रसंग आल्यास थोडा वेळ थांबून हब निवू द्यावेत.

रस्त्यात चाक बसलेच तर ट्रॉली शक्य तितकी कडेस घ्यावी, मागे दूर अंतरावर परावर्तक त्रिकोण व दिवा ठेवावा, आणि काम झाल्यावर चाकाखाली लावलेले दगड रस्त्यावरून उचलावेत. हे दगड तसेच टाकून जाण्याच्या सवयीने पुढे तासाभराने कोणी भलताच मनुष्य पडतो.

हंगाम संपल्यावर ट्रॉली छपराखाली, निदान टणक जागी उभी करावी. एक्सलखाली ठोकळे देऊन चाके जमिनीपासून थोडी वर राहिल्यास उत्तम. महिन्यातून एकदा प्रत्येक चाक चार-पाच वेळा फिरवावे, म्हणजे रोलर जागा बदलतात व सर्वांगास ग्रीसचा लेप राहतो.

टायरगाडीसंबंधी

ऊसवाहतुकीतील रबरी टायरच्या बैलगाडीलाही, जिला गावोगाव डनलॉप गाडी म्हणतात, हबमध्ये अशीच बेअरिंग असतात व वरील सर्व रीत तिला लागू आहे. जुन्या लाकडी चाकाच्या आसाला गाडीवान दर खेपेस आठवणीने वंगण देत असे, कारण चाक करकरले की साऱ्या गावास ऐकू जाई. टायरगाडीचे बेअरिंग बराच काळ मुकाट्याने सोसते, त्यामुळे वर्षानुवर्षे हब उघडलाच जात नाही. फरक एवढाच की ट्रॉलीचे जड झालेले चाक डिझेल खाते, आणि गाडीचे जड झालेले चाक बैलांच्या खांद्यावर येते. रिकामी गाडी सपाट जागेवर एका माणसाच्या रेट्याने सहज हलत नसेल, तर टायरमधील हवा पाहून लगेच हब उघडावेत.

गावात प्रात्यक्षिक

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे काम सप्टेंबरअखेर एखाद्या वाहतूकदाराच्या खळ्यावर प्रत्यक्ष करून दाखविण्याची व्यवस्था करावी. ट्रॅक्टरमालकांपेक्षा चालकांना व त्यांच्या मदतनिसांना बोलाविण्यावर भर द्यावा, कारण हात त्यांचेच लागणार असतात. जवळच्या गॅरेजमधून टाकून दिलेली तीन-चार बेअरिंग आधीच मागून आणावीत. एक पाण्याने गंजलेले, एक तापून निळे पडलेले, एक खळगे पडलेले, आणि त्यांच्या शेजारी एक नवे. ही बेअरिंग प्रत्येकाच्या हातात देऊन नखाने तपासावयास सांगावे. काम संपल्यावर साट्याच्या आतील बाजूस रंगाने तारीख, बेअरिंगचे आकडे व वापरलेल्या ग्रीसची जात लिहून घ्यावी. चालक हंगामागणिक बदलतो, ट्रॉली तीच राहते. धुण्याचे काळे डिझेल व जुने ग्रीस विहिरीजवळ वा पाटात न ओतता झाकणाच्या डब्यात साठवून जुने तेल गोळा करणाऱ्याकडे द्यावे.